न केलेल्या खर्चाचा हिशेब

कार्डचोर बहुतेकदा आधी एखादाच डॉलर उचलतो. किराणा, पेट्रोल, फोनचं बिल अशा ओळखीच्या नोंदींमध्ये एक अनोळखी नाव येऊन बसतं आणि त्यापुढे १.०० किंवा २.३७ अशी क्षुल्लक रक्कम असते. अमेरिकेत नव्याने आलेला माणूस ती ओळ पाहतो आणि पुढे जातो. दुकानाच्या पाटीवर एक नाव आणि बिलावर दुसरंच, हे त्याने एव्हाना अनेकदा पाहिलेलं असतं. चोराची भिस्त नेमकी याच सवयीवर असते. त्याच्याकडे हजारो कार्डांचे नंबर असतात, पण त्यांतले चालू कोणते आणि बंद कोणते हे त्याला ठाऊक नसतं. ती छोटी रक्कम ही त्याची चाचणी असते. त्यासाठी धर्मादाय संस्थांची देणगीची पानं त्याला सोयीची पडतात, कारण तिथे कितीही कमी रक्कम चालते आणि माल कुठे पाठवायचा नसतो. चाचणीत पास झालेला नंबर मग विकला जातो किंवा वापरला जातो. कधी तासाभरात, कधी महिन्याभराने.

अशा वेळी बहुतेक जण म्हणतात, ‘पण मी तर हे कार्ड कुठे वापरलंच नाही!’ ते खरं बोलत असतात. कार्डावरचा नंबर वाटतो तितका गुप्त नाही. सुरुवातीचे सहा किंवा आठ आकडे बँक आणि कार्डाचा प्रकार सांगतात, म्हणजे ते लाखो कार्डांवर सारखेच असतात. शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५४ मध्ये या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६० मध्ये त्यांना ते मिळालं. नंबर टाईप करताना एखादा आकडा चुकला तर लगेच कळावं, एवढाच तिचा हेतू होता. चोराला अडवणं हे त्या सूत्राचं काम कधीच नव्हतं आणि आज ते कुणालाही उपलब्ध आहे. बँकेचे आकडे घ्यायचे, मधले आकडे संगणकाने भरायचे, शेवटचा सूत्राने काढायचा आणि मुदतीची तारीख अंदाजाने लावत जायची. अशा रीतीने कपाटात पाकिटातच पडून राहिलेल्या कार्डावरही खर्च पडू शकतो.

दुसरा मार्ग दुकानातून जातो. टार्गेट या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीत २०१३ साली २७ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या ऐन सणाच्या खरेदीच्या दिवसांत सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर आत शिरले ते दुकानांच्या शीतकरण यंत्रणेचं काम करणाऱ्या एका कंत्राटदाराचे पासवर्ड चोरून. त्या ४ कोटी कार्डधारकांपैकी कुणी काय चूक केली होती? रांगेत उभं राहून पैसे दिले, एवढंच. हे आधी स्पष्ट करायला हवं, कारण आपल्याकडे पैसे गेले की माणूस प्रथम स्वतःला दोष देतो, मग घरात लपवतो आणि बँकेशी बोलायची वेळ येते तेव्हा पंधरवडा उलटलेला असतो. कार्डाच्या बाबतीत सर्वांत जास्त नुकसान या गप्प बसण्यानेच होतं.

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाच्या पाकिटात साधारण दोन देशांची कार्डं असतात. एक तिथल्या बँकेचं आणि एक पुण्याच्या, ठाण्याच्या किंवा नाशिकच्या शाखेतून घेतलेलं. दोन्ही दिसायला सारखी आणि चालतात एकाच जाळ्यावर. पण पैसे चोरीला गेल्यावर कुठला कायदा तुमच्या बाजूने उभा राहणार, हे कार्ड कुठल्या बँकेने दिलं त्यावर ठरतं. तुम्ही कुठे राहता, याला तिथे फारसा अर्थ नसतो.

अमेरिकेतला कायदा आज ग्राहकाच्या बाजूचा आहे. तो तसा का झाला, याची कथा कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुरू होते. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने तिथल्या ६०,००० रहिवाशांना न मागता क्रेडिट कार्डं पोस्टाने पाठवली. कुणी अर्ज केला नव्हता, कुणाची चौकशी झाली नव्हती. पाकीट उघडायचं आणि कार्ड वापरायला सुरुवात करायची. शंभरात चार जण पैसे थकवतील असा बँकेचा अंदाज होता. प्रत्यक्षात बावीस जणांनी थकवले, आणि चोऱ्या झाल्या त्या वेगळ्याच. तरी इतर बँकांनी हाच मार्ग धरला. १९६६ च्या नाताळाआधी शिकागोच्या बँकांनी लाखो कार्डं टपालात टाकली. ती लहान मुलांच्या नावाने गेली, मेलेल्या माणसांच्या नावाने गेली, आणि बरीचशी पोचण्याआधीच चोरांच्या हाती पडली. कधी न मागितलेल्या, कधी न मिळालेल्या कार्डाचं बिल लोकांच्या दारात येऊ लागलं.

त्या संतापातून १९७० चा कायदा झाला. न मागता कार्ड पाठवण्यावर बंदी आली आणि परवानगीशिवाय झालेल्या वापरासाठी ग्राहकाकडून जास्तीत जास्त ५० डॉलर घेता येतील, अशी मर्यादा घातली गेली. महागाई एवढी वाढली, तरी ही ५० ची मर्यादा आजही तीच आहे. ग्राहकाच्या दृष्टीने ती दरवर्षी अधिक चांगली होत गेली, असंच म्हणायला हवं. कार्ड तुमच्याजवळच असेल आणि नुसता नंबर चोरीला गेला असेल तर ते ५० डॉलरही द्यावे लागत नाहीत. शिवाय खर्च तुम्ही केला होता किंवा तुमच्या परवानगीने झाला होता, हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांची ‘शून्य जबाबदारी’ची जाहिरात या कायद्याच्या पायावरच उभी आहे.

पुढे १९७४ मध्ये बिलातल्या चुकांबद्दलचा कायदा आला. ज्या स्टेटमेंटवर ती चुकीची नोंद पहिल्यांदा आली, ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत लेखी हरकत बँकेकडे पोचली पाहिजे. बँकेने ३० दिवसांत पोच द्यायची आणि दोन बिलांच्या आत, उशिरात उशिरा ९० दिवसांत, निकाल लावायचा. तोवर वादातली रक्कम भरायची गरज नाही, त्यावर दंड लावता येत नाही आणि तुम्हाला थकबाकीदार म्हणून कळवताही येत नाही. बाकीचं बिल मात्र वेळेवर भरावंच लागतं. रागाच्या भरात सगळंच बिल थांबवणारे लोक पाहण्यात येतात. चोरीचे पैसे त्यांना परत मिळतात, पण बाकीच्या बिलावरचा दंड आणि पतनोंदीवरचा डाग त्यांचा त्यांनाच राहतो.

आज हरकत फोनवर किंवा ॲपमध्ये नोंदवता येते आणि बँका ती घेतातही. तरीही मोठ्या रकमेसाठी कागदी पत्र पाठवावं, असं माझं ठाम मत आहे. कायद्याने दिलेलं संरक्षण लेखी हरकतीशी जोडलेलं आहे. पत्र स्टेटमेंटवर चौकशीसाठी दिलेल्या पत्त्यावर जायला हवं. चेक पाठवायचा पत्ता बहुतेकदा वेगळा असतो आणि तिथे गेलेल्या पत्राकडे कुणी पाहील याची खात्री नाही. पत्रात नाव, खात्याचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि हा खर्च आपण केलेला नाही हे एक वाक्य पुरतं. पोच मिळेल अशा टपालाने पाठवा आणि प्रत जपून ठेवा. फोनवर बोललात तर बोलणाऱ्याचं नाव, वेळ आणि तक्रारीचा क्रमांक तिथल्या तिथे लिहून घ्या.

या सगळ्या संरक्षणाला एक मोठी फट आहे आणि आपली मुलं नेमकी तिथेच सापडतात. शिकायला गेलेल्या चौघांचं एक घर असतं. त्यांतल्या एकालाच कार्ड मिळालेलं असतं, कारण बाकीच्यांना अजून पतच नसते. मग त्याच्या कार्डावर सगळ्यांचा किराणा, सगळ्यांची विमानाची तिकिटं. कुणीतरी फोनमध्ये नंबर साठवून ठेवतो आणि महिन्याअखेरीस सांगितल्यापेक्षा जास्त खर्च करून बसतो. कायद्याच्या दृष्टीने ही चोरी ठरत नाही. तुम्ही स्वखुशीने कार्ड दिलंत, म्हणजे वापरायची परवानगी दिलीत. समोरच्याने मर्यादा ओलांडली तरी, यापुढे या माणसाला परवानगी नाही असं तुम्ही बँकेला कळवेपर्यंतचा खर्च तुमचाच. मैत्रीत नंबर मागणाऱ्याला नाही म्हणणं अवघड असतं, हे कबूल. पण नंबर देण्याऐवजी त्याचं तिकीट आपण स्वतः काढून दिलं तर मैत्री आणि कार्ड दोन्ही सुरक्षित राहतात.

डेबिट कार्डाचा कायदा वेगळा, १९७८ चा, आणि बराच कडक. कार्ड हरवल्याचं कळल्यावर कामकाजाच्या दोन दिवसांत कळवलं तर जबाबदारी ५० डॉलरपर्यंत. त्यानंतर कळवलं तर ५०० डॉलरपर्यंत. स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवस उलटून गेले तर त्यानंतर जे जाईल त्याला मर्यादाच नाही. नुसता नंबर चोरीला गेला असेल तर ते ६० दिवस पाळले की पुरे. पण कायद्यापलीकडेही एक फरक आहे. क्रेडिट कार्डात तपास चालू असताना अडकलेले पैसे बँकेचे असतात, डेबिटमध्ये तुमचे. भाड्याची तारीख आली आहे, खात्यात काही नाही आणि बँक म्हणते की चौकशीला वेळ लागेल. परक्या देशात उसने मागायला नात्याचं कुणी नसतं तेव्हा हा फरक फार मोठा होतो. म्हणून ऑनलाइन खरेदीला, हॉटेलात आणि पेट्रोल पंपावर क्रेडिट कार्ड वापरावं आणि डेबिट कार्ड एटीएमपुरतं ठेवावं.

पेट्रोल पंपाचा उल्लेख उगाच केलेला नाही. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून, चिप वाचणारं यंत्र न बसवणाऱ्या दुकानदाराने बनावट कार्डाचं नुकसान सोसायचं, असा कार्ड कंपन्यांचा नियम लागू झाला आणि दुकानांनी भराभर यंत्रं बदलली. पंपांना मात्र एप्रिल २०२१ पर्यंत मुदत मिळत गेली. तोवर पंपाच्या आत बसवलेल्या छुप्या वाचकांनी काळ्या पट्टीवरची माहिती चोरणं हा चोरांचा हुकमी धंदा होता. शक्य तिथे कार्ड पट्टीने न ओढता टेकवून पैसे द्यावेत. टेकवताना प्रत्येक व्यवहारासाठी नवा संकेत तयार होतो आणि तो चोरला तरी पुन्हा चालत नाही. भारतातून गेलेल्यांना तिथे आणखी एका गोष्टीचं आश्चर्य वाटतं. क्रेडिट कार्डाला बहुतेक ठिकाणी पिन विचारतच नाहीत. सापडलेलं कार्ड कुणीही दुकानात वापरू शकतो. म्हणून पाकीट हरवलं तर ‘उद्या शोधू’ म्हणू नका. ॲपमधून कार्ड आधी गोठवा आणि मग शोधा.

आता दुसरं कार्ड, भारतीय बँकेचं. आपल्याला ओटीपीची इतकी सवय झाली आहे की त्याशिवाय पैसे जाऊ शकतात हेच पटत नाही. भारतात ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्डव्यवहाराला दुसरी खातरजमा सक्तीची आहे. ऑक्टोबर २०२२ पासून भारतीय दुकानदारांना कार्डाचा पूर्ण नंबर साठवून ठेवण्याचीही मनाई आहे. पण हे नियम भारतीय दुकानदारांसाठी. परदेशातली अनेक संकेतस्थळं नंबर, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे घेतात आणि नंबर साठवूनही ठेवतात. चोर म्हणूनच भारतीय कार्डाचा नंबर परदेशी संकेतस्थळावर वापरतो. ओटीपी येत नाही, येतो तो पैसे गेल्याचा मेसेज.

आणि तो मेसेज कुठे येतो? परदेशी राहणाऱ्यांची खरी कमजोरी इथे आहे. बँकेत नोंदवलेला भारतातला मोबाइल नंबर. सिम काढून ड्रॉवरमध्ये ठेवलेलं असतं, किंवा फोनसकट आईकडे. आई दिवसातून दहा मेसेज पाहते आणि इंग्रजीतला अकरावा तसाच राहतो. रिचार्ज चुकला की नंबर बंद पडतो आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्या कुणाला दिला जातो. मग तुमच्या खात्याचे मेसेज एका अनोळखी माणसाच्या फोनवर वाजू लागतात. अनेक बँका अनिवासी खात्यांसाठी परदेशी नंबर नोंदवून घेतात. तो नोंदवा, आणि ईमेलवर सूचना तर हमखास चालू करा.

याची निकड रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात दिसते. चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, म्हणजे वर सांगितलेल्या चोरीसारखी असेल, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळवल्यास शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवल्यास क्रेडिट कार्डाची मर्यादा ५ लाखांपर्यंत असेल तर १०,००० रुपयांपर्यंत आणि त्याहून मोठ्या मर्यादेच्या कार्डाला २५,००० पर्यंत. सातनंतर बँकेचं जे धोरण असेल ते. तक्रार मिळाल्यावर १० कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल द्यायचा, हेही त्यात आहे. सिद्ध करण्याचा भार इथेही बँकेवरच. मात्र ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पासवर्ड दिला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं.

अमेरिकेत ६० दिवस, इथे ३. ड्रॉवरमधल्या सिमवर आलेला मेसेज दोन आठवड्यांनी वाचणाऱ्याला या परिपत्रकाचा फारसा उपयोग उरत नाही. हा नियम परदेशस्थ ग्राहकासाठी अपुरा आहे, असं मला वाटतं. मेसेज पाठवला म्हणजे तो मिळाला, असं धरून चालणं अन्यायाचं आहे. पण नियम आहे तो आहे. कळल्याबरोबर ॲपमधून कार्ड बंद करावं, बँकेला ईमेल करावा म्हणजे वेळेची नोंद राहते, आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्यासाठी भारतात यावं लागत नाही.

मुळात ही वेळ टाळण्याचा उपायही रिझर्व्ह बँकेनेच दिला आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. जानेवारी २०२० च्या आदेशानंतर प्रत्येक कार्डाला परदेशी व्यवहार, ऑनलाइन व्यवहार आणि टेकवून पैसे देणं यांची वेगवेगळी बटणं ॲपमध्ये मिळतात. वर्षातून दोनदाच लागणाऱ्या भारतीय कार्डाचं परदेशी बटण बाकीचा काळ बंद ठेवा.

बँकेची यंत्रणाच फोडली गेली तर काय होतं, हे पुण्याने पाहिलं आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला आणि ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम गेली. ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. ती कार्डं बँकेच्या ग्राहकांची माहिती वापरून बनवलेली होती. पण हल्लेखोरांनी मध्ये आपली खोटी यंत्रणा बसवून मंजुरी स्वतःच दिल्यामुळे नुकसान बँकेचं झालं, खातेदारांचं नाही.

कायद्याची ही ढाल एका ठिकाणी गळून पडते, ते म्हणजे पैसे तुम्ही स्वतः पाठवता तेव्हा. फोन येतो, स्क्रीनवर बँकेचाच नंबर दिसतो. तो खोटा दाखवता येतो हे लक्षात ठेवा. समोरचा सांगतो की तुमच्या कार्डावर संशयास्पद व्यवहार झाला आहे, थांबवण्यासाठी आत्ता आलेला ओटीपी सांगा. तो ओटीपी त्याच क्षणी तो करत असलेल्या व्यवहाराचा असतो. दुसऱ्या प्रकारात स्वतःला कर अधिकारी किंवा इमिग्रेशन अधिकारी म्हणवणारा माणूस अटकेची धमकी देतो आणि गिफ्ट कार्डं विकत घेऊन नंबर वाचायला सांगतो. असे फोन ठाणे जिल्ह्यातल्या मीरा रोडवरून अमेरिकेत जात होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी तिथल्या कॉल सेंटरांवर छापे घातले तेव्हा शेकडो तरुण हेडफोन लावून अमेरिकन करदात्यांना धमकावताना सापडले. व्हिसावर राहणारा माणूस अशा धमकीने अधिक घाबरतो, कारण त्याला आपल्या कागदपत्रांची काळजी सतत असतेच. फोन कुणाचाही असो, ठेवून द्यावा आणि कार्डामागे छापलेला नंबर स्वतः फिरवावा. गिफ्ट कार्डात गेलेले पैसे बहुधा परत येत नाहीत.

कार्डापेक्षा खोल जखम नावाच्या चोरीची. अमेरिकेत तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर वापरून दुसऱ्याने तुमच्या नावाने नवं कार्ड काढलं, तर ते तुमच्या ॲपमध्ये दिसणारच नाही. त्यावर गोठवणूक हा चांगला उपाय आहे. इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या पतनोंदी ठेवणाऱ्या तिन्ही संस्थांकडे आपली नोंद गोठवून ठेवली की नवा कर्जदाता ती पाहू शकत नाही आणि सहसा कर्ज देत नाही. २०१७ मध्ये इक्विफॅक्समधूनच सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. पुढच्या वर्षी, २१ सप्टेंबर २०१८ पासून, कायद्याने ही गोठवणूक मोफत झाली. स्वतःला कर्ज हवं असेल तेव्हा ती थोड्या वेळासाठी उठवता येते. सोशल सिक्युरिटी नंबर हातात आल्यावर पहिल्या महिन्यात करायचं हे काम आहे. नवीन माणसाची पतनोंद जेमतेम चार ओळींची असते आणि तिच्यातली एक खोटी ओळ पुढच्या घरभाड्यापासून गाडीच्या कर्जापर्यंत सगळीकडे आडवी येते.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांचा मामला पुष्कळ सोपा आहे. २०१७ च्या नियमांनुसार परवानगीशिवाय गेलेली रक्कम बँकेने, संशयाला सबळ कारण नसेल तर, कामकाजाच्या पुढच्या दिवसाअखेर परत करायची. ग्राहकाची जबाबदारी फार तर ३५ पौंड आणि कळवायला १३ महिन्यांपर्यंत मुदत. पण तिथेही उशीर करण्याचं कारण नाही.

राहता राहिले परत येणारे. अमेरिकेतलं घर सोडून पुण्यात आलेली माणसं तिथलं कार्ड बहुधा चालूच ठेवतात, पतनोंद टिकावी म्हणून, आणि ते योग्यच आहे. मात्र स्टेटमेंट जुन्या घराच्या टपालपेटीत जात राहतं, आणि ६० दिवस मोजले जातात ते स्टेटमेंट पाठवल्यापासून. ते ईमेलवर घ्या आणि पत्ता बदला. तिथला फोन नंबर सोडण्याआधी बँकेत नवा नोंदवा. तिथल्या बँकांचे मोफत नंबर भारतातून बहुधा लागत नाहीत. देशाबाहेरून लावायचा वेगळा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो आणि कार्ड हरवलं की तोही त्याच्याबरोबर जातो. तो आधीच वहीत लिहून ठेवा आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्ये साठवा.